भावाची तुला

माझ्या भावाला त्यांनी कापसाच्या काट्यावर बसवलं, आणि बसता येत नाही म्हणून दोरीनं बांधलं. रुईची गासडी बांधतात तसं. छातीवरून एक वेढा, मांड्यांवरून एक.

काय थाट होता म्हणून सांगू! अकोटच्या शेठजींचं अंगण. ताशे. बत्तासे. समुद्रापार कुठंशी लढाई लागली होती आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसल्या. पैसा घरात मावेना, तेव्हा माणसं पुण्य घ्यायला निघाली. शेठजींनी मनात आणलं, एका लुळ्याची तुला करू. त्याच्या भारंभार कापूस दान देऊ.

लुळा म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी तापात पाय गेले, उजवा हात वाळला, जीभ जड झाली. डोकं मात्र लख्ख. आईबाप गेलेले; मागे घर आणि एवढीशी बाग राहिलेली. मी विधवा, दोन लेकरं घेऊन माहेरी आलेली. सकाळी त्याला धुऊन, भरवून मी शेठजींच्या आवारात रेचा फिरवायला जायची. कापसातली सरकी काढायचं ते हाताचं यंत्र. मुनीमजींचा निरोप आला होता, "भावाले घेऊन ये, वर्षाचे दाणे भेटतीन." जो तो कापूस पेरत सुटलेला, ज्वारी महाग. मी त्याला पाठीवर घेऊन गेले. काट्याचं कोणी बोललं नव्हतं.

"गोधडी काढा त्याची," शेठजी म्हणाले. "गोधडीचं वजन धरलं तं पुण्यात खोट येते."

वाहवा! रोज कास्तकाराच्या मापात हात मारणारा माणूस, पुण्याच्या मापात किती चोख!

गोधडी काढली. ओढाताणीत धोतरही सुटलं. वाळल्या काड्यांसारखे पाय सगळ्या गावासमोर. लोकांना वाटलं होतं, समोर कापसाचा डोंगर होईल. थोड्या पाट्या पडल्या आणि भावाचं पारडं उचललं गेलं.

"शेठजी, सस्त्यात पडलं पुण्य!" कोणीतरी ओरडलं. हशा. शेठजी सगळ्यात मोठ्यानं हसले.

भावाची लाळ गळत होती. पुसायला हात मोकळा नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, मले उतरव."

मी दोरी सोडली. त्याला उचललं, तसं समोरचं पारडं धाडकन आपटलं. कापूस मातीत. मी हसले. खरंच हसले.

"माजली काय गं?" शेठजी म्हणाले. "या लुल्याले पोसन कोण?"

"तुमचा काटा तं नाई पोसत, मालक."

दुसऱ्या दिवशी मी रेच्यावर गेले नाही. शेजारची गवरा गेली नाही. ती रेच्यावरच्या बाकीच्या बायकांना म्हणाली, "उद्या आपलं कोनी लुलं पडलं, तं त्याले बी काट्यावर घालतीन." त्याही गेल्या नाहीत. आवारात कापूस छपराला टेकलेला, गाड्या अमरावतीला जायच्या खोळंबलेल्या, आणि गावात मोकळा हात सापडेना. मुनीमजी स्वतः दारात आले.

"काहून अडून बसल्या, माय?"

काल गं होते. आज माय झाले!

मी सांगितलं. भावाची खाट आवारात, निंबाखाली. त्याला भरवायला, कूस बदलायला ज्या बाईची पाळी, तिची मजुरी कापायची नाही. कबूल झालं. मजुरीच्या ज्वारीतून जी ती एक पसा भावासाठी बाजूला काढायची. आमच्या बागेतली मेथी, वांगी त्यांच्या घरी जायची. गवरा त्याला शिव्या देत भरवायची.

"गिळ लवकर! नवऱ्याचे बी इतके लाड नाई केले मी."

"म्हनून मेला तो," भाऊ म्हणायचा.

मग लढाई संपली. भाव बसला. आवारातून सगळ्यात आधी हलली ती त्याची खाट. मुनीमजी म्हणाले, "देवळाच्या दारात ठेव त्याले. येनारे-जानारे टाकतीन काहीबाही." मी खाट डोक्यावर घेतली, गवरानं भाऊ पाठीवर घेतला. हळूहळू पसे आटले. बायकांच्याच चुली थंड, त्यांना काय बोलू? भावाच्या पाठीला जखमा झाल्या. कण्हला नाही. मी ऐकायची तरीही.

जमिनीची सरकारी मोजणी आली, तेव्हा गावचे शहाणे म्हणाले, बागेवर लुळ्याचं नाव कशाला, चुलत्याचं घाला. मी भावाला पाठीवर घेऊन बांधावर उभी राहिले. त्यानं जड जिभेनं स्वतःचं नाव सांगितलं. कळेना, तर पुन्हा सांगितलं. कळेपर्यंत सांगितलं.

परवा माझा थोरला, मिसरूड फुटलेला, जेवता जेवता म्हणाला, "माय, तू गेल्यावर मामाचं आमच्यानं नाई होनार. बाग माह्या नावावर करून दे, मंग पाहू."

भाऊ खाटेवर जागाच होता. त्यानं डोळे मिटले नाहीत.

मी ताट बाजूला सारलं.

"बाग मामाची. घर मामाचं. तू त्याच्या दारात राहून राहिला, तो तुह्या नाई. उद्यापासून पहाटे त्याची कूस तू बदलशीन. हागनं-मुतनं तू काढशीन. त्याले विचारल्याबिगर उचलायचं नाई. मी मेल्यावर बी हेच. जमत नसन, तं आजच नीघ."

मी उठले आणि दार उघडलं.