लाल दोऱ्याचे हातमोजे

हसायचंच आहे तर आधी घोटभर चहा गिळून घ्या, नाहीतर ठसका लागेल. कारण मी जो पराक्रम केलाय ना, तो आमच्या सात पिढ्यांत कुणी केला नसेल. पोरीची परीक्षा, आणि तिची सख्खी आईच तिला नापास करायला निघालेली!

माझी प्राजू इलेक्ट्रिशियन आहे. हो, मुलगी असून! पवईला ऑफिसांची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे जाते. पण तिथे तिला करायला काय मिळायचं? शिडी धर, पाना दे, वायरचं बंडल उचल. बोर्डाकडे वळली की मुकादम ओरडणार, "परवाना आहे काय तुझ्याकडे? आधी परवाना आण!" पोरगी घरी येऊन पाय आपटायची. शेवटी वायरमनच्या परवान्याच्या परीक्षेला बसली.

आणि ती बसली म्हणजे मी पण बसले की! मी चौथी पास. पण पुस्तकात बघून प्रश्न विचारायला काय डॉक्टर व्हावं लागतं? पोळपाटाशेजारी पुस्तक उघडं, लाटता लाटता मी सुरू.

"मेन स्विच बंद केला. पुढे?"

"कुलूप लावायचं, 'काम चालू आहे' पाटी अडकवायची, चावी आपल्या खिशात."

"मग लगेच वायरीला हात?"

"नाही गं, आधी टेस्टर लावून बघायचं."

"शाबास! आणि ओले हात?"

"आई, तू स्वतः ओल्या हाताने मिक्सर लावतेस."

"माझं सोड गो. मला परीक्षा नाहीये!"

असं करता करता मलाच सगळं पाठ. शेजारणीकडे साखर मागायला गेले तरी आधी तिचा प्लग तपासायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी प्राजू म्हणाली, "उद्या हत्यारं आपापली न्यायचीत. पक्कड, टेस्टर, रबरी हातमोजे."

झालं! डोक्यात किडा वळवळला. एवढी माणसं एका हॉलमध्ये, सगळ्यांची हत्यारं सारखी. अदलाबदल झाली तर? आमच्याकडे नाव घातल्याशिवाय साधी वाटी उंबरा ओलांडत नाही. नावाचं भांडं शेजारी-पाजारी कुठेही फिरलं तरी घरी परत येतं, असं माझी सासू म्हणायची. भांड्याला एवढं जपायचं, मग पोरीच्या हातमोज्यांना नको?

प्राजू मैत्रिणीकडे उजळणीला गेली आणि मी कांदिवलीच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानात. तिथे नावं घालणारा बसतो. पकडीवर त्याने झकास नाव घातलं. हातमोजे पुढे केले तर म्हणतो, "मावशी, रबरावर मशीन नाही चालत."

"मग मेल्या, तुझं मशीन काय कामाचं?"

घरी आले. गोधडीची जाड सुई काढली, लाल दोरा ओवला आणि बसले ठाण मांडून. जाड रबर हो ते! बोटांची चाळण झाली. पण दोन्ही पंजांवर टपोरं 'प्राजक्ता परब'. असं देखणं की लग्नात रुखवतावर मांडावं! गुपचूप घडी घालून पिशवीत ठेवले. म्हटलं, उद्या बघेल आणि खूश होईल.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी पण बरोबर. हॉलच्या दारात एक टक्कल पडलेला उमेदवार प्राजूच्या पिशवीला खेटून आपली पिशवी ठेवायला लागला. मी लगेच, "ओ भाऊ, जरा लांब. मिक्स नको व्हायला!" बिचारा गप सरकला. पोरगी आत गेली, मी बाहेर बाकावर.

थोड्या वेळाने शिपाई आला. "परबची आई कोण? आत बोलावलंय. हातमोज्यांवरून भानगड झालीय."

आता मला काय वाटणार, सांगा? चोरले! मी पदर खोचला आणि घुसले आत. "कुणी घेतले रे? मुकाट्याने काढा! नाव आहे माझ्या पोरीचं त्यावर!"

"नाव आहे म्हणूनच बोलावलंय," परीक्षा घेणारे सर म्हणाले. हातमोजा त्यांच्याच हातात. "हे तुम्ही शिवलंत?"

"मग! एक टाका वाकडा दाखवा."

"मुलगी म्हणते, अभ्यास पण तुम्हीच घेतलात. मग सांगा मावशी, रबरी हातमोज्याला सुईएवढं भोक असेल तर काय करायचं?"

अहो, तोंडपाठ! अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "घालायचा नाही! तेवढ्या भोकातून पण शॉक लागतो. बाजूला ठेवायचा, आणि दुसरा मिळेपर्यंत कामाला हात लावायचा नाही!"

"एकदम बरोबर." सरांनी हातमोज्याची कड गुंडाळली, आत हवा कोंडली आणि तो माझ्या गालाजवळ धरला.

प्राजक्ता परब. अक्षर न् अक्षर माझ्या गालावर फुंकर मारत होतं!

खोचलेला पदर मी हळूच सोडला.

"सर, चूक माझी," कसंबसं म्हणाले. "पोरीला नापास करू नका हो. किती दिवस नुसती शिडीच धरलीय तिने."

"तिने घालायच्या आधी तपासले, बाजूला ठेवले, काम करणार नाही म्हणाली. तिचं काही चुकलं नाही. पण चांगली जोडी असल्याशिवाय मी तिला बोर्डाकडे सोडू शकत नाही."

प्राजूचा चेहरा एवढासा झालेला. तेवढ्यात मागून तो टक्कलवाला उठला. "माझं झालंय. माझे घे." आणि माझ्याकडे बघून, "मावशी, चालेल ना? मिक्स नाही होणार!"

सगळा हॉल हसला. हसू दे. पोरीने त्याचे हातमोजे तपासले, घातले, मेन बंद केला, कुलूप, पाटी, सगळं अगदी शिस्तीत. मी मात्र तिथेच उभी. राहवतं का? "प्राजू, टेस्टर! आधी टेस्टर गं!"

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "शेवटचा प्रश्न. काम सुरू करण्याआधी आजूबाजूच्या माणसांचं काय?"

प्राजू म्हणाली, "सर, ज्याचं तिथे काम नाही आणि ज्याच्याकडे परवाना नाही, त्याला लांब ठेवायचं."

"करून दाखव."

पोरीने हातमोजे काढले, माझा दंड धरला, मला दाराबाहेर नेऊन उभं केलं आणि दार लावून घेतलं.

पास झाली हो! आता बोर्ड स्वतः उघडते, मुकादम टॉर्च धरतो. आणि कुणी विचारलं की मी पण ताठ मानेने सांगते, तिच्या परीक्षेत माझा पण हातभार होता. लोकांना वाटतं अभ्यास घेतला असेल. कसला अभ्यास! परीक्षेत कुणीतरी धोका म्हणून लागतो ना, तो मी होते.