मांडीवरचा पाण्याचा ग्लास

जुनी जपानी गाडी मी स्वस्तात घेतली आणि आठवड्याभरात तिचा गिअरबॉक्स गेला. बायको तिला भंगारच म्हणायची. वालीवच्या एका मिस्त्रीने दुसऱ्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स आणून बसवला. मग काठोकाठ भरलेला ग्लास माझ्या हातात देत म्हणाला, "गिअर बरोबर बसला असंल तर पानी सांडनार नाय."

गिरीजपर्यंत तो दोन बोटांनी गिअर टाकत गेला. एक थेंबही सांडला नाही.

येताना गाडी मी चालवली आणि ग्लास त्याने मांडीवर धरला. वालीवला पोचेपर्यंत त्याची पँट भिजली होती.

ती झटकत तो शांतपणे म्हणाला, "गाडी बरी हाय, साहेब. तुमचा हात बसायला येळ लागंल."

हल्ली बायको शेजारी बसून चालत्या गाडीत चहा पिते.