खाणीच्या तोंडावरचा दिवा
तिळाच्या तेलाचा वास आला की जोयड्याच्या रानातल्या मँगनीज खाणीवरचा तो संप आठवतो. संप चालू असताना दरड कोसळून एक खाणकामगार गेला. तो चोरून कामावर गेला असावा, या संशयाने तिरडीला खांदा द्यायला कोणी पुढे येईना. “भटजी, त्यो देवीचा दिवा लावाय गेल्ता,” त्याची पत्नी मला कळवळून म्हणाली. “व्हय, मालकाच्या देवीचा!” गर्दीतून टोमणा आला. संपातही खाणीच्या तोंडावरचा देवीचा दिवा खंडू नये, असे त्याला मीच सांगितले होते. तरी माझ्याही मनात किंतु आला आणि मी मौन धरले. अंत्यस्नान घालताना त्याची आवळलेली मूठ सोडवली, तेव्हा तीत तिळाच्या तेलात भिजलेली वात निघाली. मग खांदे पुढे आले. आजही देवापुढे वात लावताना माझा हात थबकतो. त्याला तिकडे पाठवणारा मीच होतो, हे मी त्याच्या पत्नीला अजून सांगितलेले नाही.