पाकिटावरचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. कुठून सुरू करू — मामापासूनच करावं लागेल.

मामा शेळ्या राखणारा. त्याला अक्षरओळख नाही, पण मला शाळेत त्यानंच घातलं. पावसाळ्यात ओढा ओलांडताना खांद्यावर बसवून न्यायचा. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. ते सगळं त्याच्यामुळं — मग मी असं का वागले?

दुष्काळात गावचं पाणी आटलं, तेव्हा मामा शेळ्या घेऊन शहरात, आमच्या पुंडलिकनगरात आला. आमच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर राहिला. पलीकडच्या सोनवणेकाकू रोज आपल्या बोअरचं पाणी शेळ्यांसाठी टबात भरून ठेवायच्या.

आणि मी? मला ऑनलाइन मागवायची सवय. कुर्ते, चपला, डबे — रोज काहीतरी. त्यांची पाकिटं मजबूत, गळत नाहीत. म्हणून उरलेली भाकरी-भाजी मी त्यातच गाठ मारून बांधायचे. घंटागाडी यायच्या आधी कामावर निघायचे आणि जाताजाता पाकीट भिंतीपलीकडे टाकायचे. तिकडे शेळ्या आहेत, हे मला माहीत नव्हतं? होतं.

एक गाभण शेळी फुगून मेली. कशानं मेली ते बघायला मामानं पोट फाडलं. आत दोन करडं होती. आणि प्लास्टिकचा गोळा. त्यातलं एक पाकीट त्यानं धुतलं, पत्त्याची चिठ्ठी माझ्यापुढं धरली.

"वाच बाई, कुणाचं हाय? भांडत नाय. नुसतं दावतो त्याला."

वर चिकटपट्टी होती म्हणून अक्षरं टिकली होती. माझं नाव — पुसट, पण माझंच. मी मान वर केली आणि पलीकडच्या फाटकावरची पाटी वाचली.

"सोनवणे."

"व्हय?" मामानं त्या फाटकाकडं बघितलं. "आन् मला वाटलं, लई देवमाणूस हाय."

तो खरंच भांडला नाही. भरलेला टब पालथा केला आणि शेळ्या हाकत निघून गेला. त्या उन्हात त्याला पाणी कोण देणार होतं? मी दारात उभी होते. हाक मारली नाही.

संध्याकाळी काकू टब उचलत म्हणाल्या, "मामा का गेले गं? माझं काही चुकलं का?"

"काय माहीत, काकू."

गावाच्या वाटेत पाण्यावाचून आणखी चार शेळ्या गेल्या. मामा अजून गावात सांगतो, "आमची बाई शिकलेली, म्हणून कळलं."

पाकिटं अजून येतात. आता टाकण्याआधी मी नावाची चिठ्ठी तेवढी फाडून घेते.