गोडाऊन ऑनलाइन झालं, नाना नाही

तुमच्या ऑफिसात कधी मशीनने मालकालाच गैरहजर ठरवलंय का? आमच्याकडे ठरवलं!

मी नंदुरबारला लोखंड, पाइप, बेल्ट, बेअरिंग असा माल विकणाऱ्या कंपनीत फोन घेते, मालाचं चलान बनवते. यंदा शेठजींनी सगळा कारभार कॉम्प्युटरवर न्यायचं ठरवलं. सळई कापताना कोपऱ्यात तुकडे साचत जातात ना, तसे तेव्हापासून किस्से साचत गेले. आता सगळं नीट पार पडलंय, म्हणून निवांत सांगते.

तर ते हजेरीचं मशीन. चेहरा दाखवायचा, हजेरी लागते. दसऱ्याला शेठजींनी त्याची पूजा केली आणि कुंकवाचं बोट नेमकं कॅमेऱ्यावरच टेकवलं! दुसऱ्या दिवशी मशीन कुणालाच ओळखेना. शेठजी तावातावाने पुढे झाले. "अरे, मी मालक आहे!"

मशीन गोड आवाजात म्हणालं, "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

मागे नाना उभे होते. आमचं गोडाऊन हेच सांभाळतात. सव्वीस वर्षं धानोऱ्याहून सायकलवर येतात. ते शांतपणे म्हणाले, "शेठ, घर जा. तुमनी आज रजा पडनी!"

*

मग सुरतहून सॉफ्टवेअरच्या मॅडम आल्या. त्यांनी एक दिवस खपून प्रत्येक मालावर बारकोडचं स्टिकर लावलं. पण आमचे पत्रे आणि अँगल उघड्यावर. उन्हाने लोखंड तापलं, गोंद सुटला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्धी स्टिकरं जमिनीवर! शेजारची बकरी आली आणि चवीने खाऊन गेली.

हातात स्कॅनचं मशीन घेऊन मॅडम रडवेल्या झाल्या. "आता स्टॉक कसा मोजू?"

नाना म्हणाले, "मशीन बकरीले लावा. माल तिना पोटमा शे!"

मॅडमला अहिराणी कळत नव्हती. मी सांगितलं, तेव्हा त्या आल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

*

पुढे ऑर्डरसाठी अ‍ॅप आलं. मोलगीला आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिथे नेटवर्क फक्त टेकडीवर. ते टेकडी चढले, ऑर्डर टाकली, खाली आले. अ‍ॅपने ओटीपी पाठवला. तो बघायला पुन्हा वर चढले, तोवर त्याची मुदत संपली!

दुसऱ्या दिवशी स्वतःच जीपने आमच्याकडे हजर. मी म्हटलं, "अहो भाऊ, एवढ्या लांब कशाला आलात?"

"ताई, टेकडीपेक्षा नंदुरबार सोपं पडलं."

*

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. एकदा शेठजी सगळ्यांसमोर बोलून गेले, "सिस्टिम चालू झाली की माल कुठे आहे ते स्क्रीनच सांगेल. मग गोडाऊनला वेगळा माणूस कशाला?"

नाना दारातच होते. पाइपावर बोट वाजवून त्याची जाडी सांगणारा माणूस तो! दुपारी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, मशीन समदं सांगी, मंग मी काय करसू?"

मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो तसाच ठेवला.

*

सिस्टिम चालू व्हायच्या दिवशी नानांनी पोट दुखतं म्हणून रजा घेतली. पोटबिट काही दुखत नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

अकरा वाजता शहाद्याच्या जिनिंगचा माणूस धावत आला. ऐन कापसाच्या हंगामात त्यांचं मशीन बेअरिंगमुळे बंद पडलेलं, बाहेर गाड्यांची रांग! मॅडमने बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, "सी-चार."

आता सी-चार म्हणजे कुठे? मॅडमने जमिनीवर रंगाने खुणा केल्या होत्या, पण आदल्याच दिवशी आलेले पाइप हमालांनी त्यांच्यावरच रचले होते. मॅडम शोधतात, हमाल शोधतात, शेठजी धोतर सावरत खोकी उपसतात! तासभर गेला. जिनिंगचा माणूस म्हणाला, "शेठ, मी धुळ्याला जातो."

शेठजींनी माझ्याकडे बघितलं. मी नानांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"नाना, जिनिंगचं मोठं बेअरिंग कुठे आहे?"

पलीकडून लगेच आवाज आला, "साप निंघना व्हता ना, तठे! डावा हातले, पोताखाले."

जुने हमाल थेट त्या कोपऱ्यात गेले. दोन मिनिटांत बेअरिंग बाहेर आलं!

शेठजींनी घाम पुसला. फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "नाना, पोट कसं आहे?"

"आते बरं शे, शेठ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम गोडाऊनमध्ये पालथ्या ड्रमवर लॅपटॉप घेऊन बसल्या, नाना शेजारी उभे राहून सांगत होते, आणि बेअरिंगपुढच्या जागेच्या रकान्यात मॅडमने सी-चार खोडून टाइप केलं : साप निघाला होता तिथे.