धीट पोर

रोझा, ठाण्याच्या स्टेशनात आगगाडी हलली तेव्हा तू आयच्या लुगड्यात तोंड खुपसून रडत होतीस. मी मात्र डब्याच्या खिडकीतून हसत हात हलवत होते, कारण आय म्हणाली होती, “येतंय गो बाय.” आपल्याकडे निरोप घेताना ‘जाते’ म्हणायचं नसतं, ‘येते’च म्हणायचं असतं, हे कळायचं माझं वय नव्हतं. ती मागच्या गाडीनं येणार, असंच मी धरून चालले होते.

तुला ती परीक्षा आठवते? कल्याणच्या बोर्डिंगच्या मडम कोलशेतला आल्या होत्या. गावातली एक पोर त्या सांभाळायला नेणार होत्या. चर्चच्या पडवीत त्या एकेकीच्या आयला बाहेर पाठवायच्या आणि मागे राहिलेली पोर काय करते ते पाहत बसायच्या. कोण रडतं, कोण मडमच्या हातची बाहुली घेतं, आय परतली की कोण तिला बिलगतं. तू माझ्याहून मोठी, पण दार धरून आकांत मांडलास. मी खुशाल बाहुलीशी खेळत बसले. पोर धीट आहे, परक्यात रुळेल, असा मडमनी निकाल दिला.

धीट कसली डोंबलाची! त्याआधी कितीतरी दिवस आय मला मिठागराच्या बांधावर बसवून ‘येतंय गो’ म्हणून जायची आणि खरंच परत यायची. मला तो खेळ वाटायचा. ती मला त्या पडवीसाठी तयार करत होती, हे फार उशिरा उमगलं. तुला तिनं कधी बांधावर बसवलं नाही.

आता त्याच बोर्डिंगात मी मास्तरीण आहे. बूट घालते, काट्याचमच्यानं जेवते, आपली बोली बोलताना अडखळते. नव्या पोरी निवडताना मडम मला शेजारी बसवतात. आकांत करणाऱ्या पोरीला तिची आय उचलून घरी नेते, तेव्हा मला त्या पोरीचा हेवा वाटतो.

गेल्या नाताळात आय इथं आली. मी सरळ विचारलं, “मलाच का धाडलंस?”

पदराखालून सुक्या बोंबलांची पुडी काढत ती म्हणाली, “तू कुनाकडं पन ऱ्हाशील. रोझा मेली असती गो बाय.”

माझा राग तुझ्यावर नाही. पण आयनं मला फसवलं, आणि ‘तू कुनाकडं पन ऱ्हाशील’ हे अजूनही तिला माझं कौतुकच वाटतं.

परवा एका नव्या पोरीनं विचारलं, “बाई, तुमचं गाव कंचं?”

मी कल्याण म्हणाले.