पुन्हा एकदा वर टाका

पक्ष्यांचं काम करते म्हटलं की लोक कौतुकानं बघतात. त्यांना आभाळ दिसत असतं. मला मात्र आधी वास आठवतो. सडलेल्या जखमेचा, विष्ठेचा आणि बंद खोक्यात रात्रभर कोंडलेल्या जिवाचा.

लातूरबाहेर औशाच्या रस्त्याला आमचं जखमी पक्ष्यांचं केंद्र आहे. पत्र्याची दोन शेड, जाळीचे काही मोठे पिंजरे, एक तपासणीचं टेबल. मी जनावरांची डॉक्टर. नोकरी सुटल्यापासून हे केंद्र मीच चालवते. सोबतीला मावशी आहेत. त्या पिंजरे धुतात, पाखरांना भरवतात, आणि कुठलं पाखरू जगणार नाही हे माझ्याआधी ओळखतात.

दोन वर्षांपूर्वी निलंग्याकडच्या एका गावातून कार्यक्रमाच्या आयोजकाचा फोन आला. तिथल्या पुढाऱ्याचा वाढदिवस होता.

"म्याडम, साहेबांच्या हस्ते पक्षी सोडायचेत. तुमच्याकडचे पाच-सहा द्या की. दुपारपर्यंत परत आणून देतो."

"सोडलेले पक्षी परत कसे आणणार?" मी विचारलं.

तो हसला. मी साफ नाही म्हणाले. तो म्हणाला, "बरं, नका देऊ. पण तुमी या. पक्ष्यांवर दोन शब्द बोला. तुमचा सत्कारबी हाय."

विषय मिटला असं मला वाटलं. शाळेची पोरं असतील, घरात पोपट पाळू नका एवढं तरी सांगता येईल, म्हणून मी गेले.

मांडव मोठा होता. गाणी इतक्या जोरात लावली होती की छातीत धडधडत होतं. माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि मी बोलायच्या आधीच दोघांनी स्टेजवर फडक्यानं झाकलेला पिंजरा आणला. फडकं ओढलं. आत सहा पोपट, एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेले. पंखांची टोकं कात्रीनं सरळ कापलेली. छातीला चिकटा लागून पिसांचे गोळे झालेले. झाडाच्या चिकाचा तो चिकटा फांद्यांना लावून पाखरं धरतात, हे मी अनेकदा पाहिलंय. सोडण्यासाठीच ही पाखरं कुणाकडून तरी धरून आणवली होती.

मी पुढाऱ्याजवळ जाऊन म्हणाले, "साहेब, यांना उडता येणार नाही. पंख कापलेत."

कॅमेऱ्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "उडतेत की म्याडम. पाखराला काय शिकवावं लागतंय का?"

त्यांनी एक पोपट वर फेकला. तो दगडासारखा खाली आला, पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर. लोक हसले. कुणीतरी त्याला शेपटीला धरून उचलून दिलं.

"साहेब, हात आला न्हाई फोटोत," फोटोग्राफर ओरडला. "पुन्हा एकदा वर टाका."

पुन्हा टाकला. या वेळी तो मांडवाच्या खांबावर आपटला.

"अजून एकदा, साहेब. वर बघा."

तीन वेळा. आणि तिन्ही वेळा मी तिथं उभी होते, शाल पांघरून, नारळ धरून. त्या माणसांची किळस आलीच. पण माझे पाय हलले नाहीत, त्याची जास्त आली. तिसऱ्यांदा तो पडला तेव्हा कुठे मी नारळ खाली ठेवला आणि त्याला उचललं. चोचीतून रक्त येत होतं.

"हे सगळे पक्षी मी घेऊन चाललेय," मी म्हणाले.

"न्या की," आयोजक म्हणाला. "आमचं काम झालं."

मागं गाणं पुन्हा सुरू झालं.

केंद्रावर आम्ही आधी गोडं तेल लावून चिकटा सैल केला, मग कोमट पाण्यानं धुतलं. पिसांबरोबर कातडी निघून येत होती. फेकलेला पोपट मावशींच्या ओंजळीतच गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "असल्यांच्या हातचं पाणीबी पिऊ न्हाई, ताई." दुसऱ्या दिवशी आणखी एक गेला.

मी वनखात्याकडे लेखी तक्रार दिली. चौकशीला माणूस आला. पोपट कुणी धरले, कुणी आणले, गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पेपरात मात्र फोटो छापून आला होता. पुढाऱ्याचे दोन्ही हात वर, हातांच्या वर हिरवं पाखरू, खाली 'पक्ष्यांना दिले मोकळे आभाळ'. मागं मी. आणि मी हसतेय. कधी हसले, का हसले, मला आठवत नाही. स्टेजवर कॅमेरा दिसला की तोंड आपोआप तसं होतं, एवढंच. तो पेपर मी पिंजऱ्याखाली अंथरला.

उरलेल्या चौघांची कापलेली पिसं गळून नवी यायला कित्येक महिने गेले. तोवर आम्ही त्यांच्याशी बोलायचो नाही, माणसाची सवय नको म्हणून. पुढच्या हिवाळ्यात तिघं मोठ्या पिंजऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट उडू लागले. एका सकाळी मावशींनी दार उघडलं आणि आम्ही दोघी बाजूला झालो. ते ज्वारीच्या रानावरून ओरडत गेले. मावशींनी लगेच पिंजरा धुवायला घेतला.

चौथ्याच्या पंखाचा सांधा वाकडा जुळलाय. तो आता इथंच राहील. केंद्र बघायला येणारी माणसं नेमकी त्याच्यासमोर थांबतात.

"बोलतो का हा?" ते विचारतात.

"नाही."

"मग ठेवलाय कशाला?"